खिडकीतली जागा

एसटी अजून स्टँडच्या फाटकातून आत वळत होती, तेवढ्यात माझे सासरे एका हातानं धोतराचा सोगा धरून तिच्या शेजारून पळायला लागले. वय एकसष्ट, डोक्याला कोशाचा फेटा, पायात करकरीत वहाणा. मी मागं, लग्नातलं जांभळं लुगडं सावरत, छातीशी फाईल धरून. वर्ष त्र्याऐंशी, महिना मे, आणि वार शुक्रवार. वार मुद्दाम सांगतेय, कारण शुक्रवारी खंडाळीचा बाजार असतो. हे त्या क्षणी आम्हा दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

मला गाडी लागते. खिडकी मिळाली नाही तर तिसऱ्या मैलाला माझं पोट ढवळायला लागतं. लग्न होऊन हिंगणवाडीला आले तेव्हा ही गोष्ट सासरच्यांना वरातीतच कळली, आणि त्या दिवसापासून मला खिडकी मिळवून देणं हे मामंजींनी स्वतःचं काम ठरवलं. ह्या विद्येत पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गाडी उभी राहायच्या आत ते पळता पळता डोक्यावरची टोपी काढायचे आणि खिडकीच्या दोन गजांमधून नेमकी बाकावर टाकायचे. टोपी पडली की जागा आपली. मग आत कितीही रेटारेटी होवो, त्या जागेवर कुणी बसत नाही, असा आमच्याकडचा रिवाज. त्यांचा नियमच होता, आधी टोपी, मग पाटी. पाटी वाचत बसलं की खिडकी गेलीच म्हणून समजा.

पण त्या दिवशी टोपी नव्हती. हेडमास्तरांना भेटायचं म्हणून मामंजींनी पहाटे उठून फेटा बांधला होता. पळता पळता त्यांचा हात सवयीनं डोक्याकडं गेला आणि तिथंच थांबला. बांधलेला फेटा काही खिडकीतून टाकता येत नाही. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मी काही बोलायच्या आत माझ्या हातातली फाईल ओढून घेऊन तिसऱ्या खिडकीतून आत भिरकावली.

नेम अचूक होता. निळ्या रेक्झिनची, नाडी बांधायची ती फाईल बाकावर जाऊन उभीच्या उभी टेकली. तिच्यात माझं मॅट्रिकपासून बी.एड.पर्यंतचं सगळं होतं, अस्सल. नकला मी अर्जाबरोबर पाठवल्या होत्या. मुलाखतीच्या पत्रात मात्र खाली रेघ मारून लिहिलं होतं, मूळ प्रमाणपत्रं नसल्यास उमेदवाराचा विचार केला जाणार नाही. देवठाण्याचं हायस्कूल, गणित आणि विज्ञान, जागा एक. मुलाखत दुपारी एक वाजता.

"चल, पानी पिऊ," मामंजी म्हणाले. हा त्यांचा दुसरा नियम. जागा धरली की घाई करायची नाही. लोक दारात एकमेकांच्या उरावर बसत होते आणि आम्ही पाणपोईवर गार पाणी पीत होतो. मामंजींनी तंबाखू मळली. सव्वादहाची देवठाणे चार नंबरच्या फलाटाला लागते हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि गाडी चार नंबरलाच होती. दोन घंटा वाजल्या तेव्हाही ते रमतगमतच निघाले. गाडी वळली, तिचं तोंड आमच्याकडं झालं, आणि पाटीवरचं नाव आम्ही दोघांनी एकदमच वाचलं. खंडाळी. बाजाराची जादा गाडी.

पळून उपयोग नव्हता, तरी पळालो. तिसऱ्या खिडकीत मला फाईलचा निळा कोपरा दिसला. मग नुसता धुरळा.

आता खरं सांगायचं तर मला त्या क्षणी रडू आलं नाही, राग आला, आणि तो अकरा महिन्यांचा साठलेला राग होता. मामंजी वाईट बोलणारे नव्हते. ते बोलायचेच नाहीत. काही विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "बघू." लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी म्हणाले होते, स्वयंपाकघराला खिडकी नाही, चुलीच्या धुरानं आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, डोळे अधू झालेत, आता माझेही होतील, एक खिडकी पाडून घेऊ या. त्यांनी भिंतीकडं बघितलं. म्हणाले, दगडी भिंत आहे, बघू. नोकरीचा अर्ज करू का म्हणून विचारलं तेव्हाही बघू. माझे यजमान लांब धरणाच्या कामावर, महिन्यातून एकदा यायचे, आणि वडिलांपुढं त्यांचंही डोकं वर होत नसे. तेव्हा ह्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', असा अर्थ मी लावून टाकला होता. मुलाखतीचं पत्र आल्यावर मामंजी स्वतःहून "मी येतो संगं" म्हणाले, ह्याचंच मला नवल वाटलं होतं. आता ते नवल फिटलं.

स्टँडच्या मधोमध उभी राहून मी त्यांना म्हणाले, "मामंजी, तुम्हाला मी नोकरी करायलाच नको होती ना? मग तसं सांगायचं होतं. फाईल कशाला फेकायची?"

सुनेनं सासऱ्याशी असं बोलायचा तो काळ नव्हता. शेजारची एक बाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून आमच्याकडं बघायला लागली. मामंजींचा चेहरा पडला. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोंडात तंबाखू होती. ती थुंकून ते चौकशीच्या खिडकीकडं चालू लागले.

चौकशीची खिडकी म्हणजे जाळीला खाली पाडलेलं अर्धगोल भोक. आतल्या माणसाला नीट ऐकू जावं म्हणून मामंजींनी त्यात तोंड घातलं. नंतर विचारण्याच्या भरात सगळं डोकंच घातलं. प्रश्न विचारून झाला, उत्तर मिळालं, आणि डोकं बाहेर येईना. फेटा अडकला होता.

"अहो बाबा, प्रश्न आत घालायचा, डोकं बाहेर ठेवायचं," आतला कारकून म्हणाला.

मी बाहेरून धरून ओढते आहे, कारकून आतून फेट्याचे पदर एकेक करून सोडवतो आहे, आणि मागची रांग सल्ले देते आहे. मला राग आलेला होता, खूप आलेला होता, पण सासऱ्याचं धड आपल्याकडं आणि डोकं सरकारकडं असताना राग टिकवणं अवघड असतं. मी हसले नाही एवढंच. एकदाचे मामंजी सुटले. फेटा सुटून गळ्यात आला होता. त्यांनी तो तसाच खांद्यावर टाकला.

कारकुनानं सांगितलं ते असं. खंडाळीची गाडी आणि देवठाण्याची गाडी वेताळफाट्यापर्यंत एकाच रस्त्यानं जातात. पुढं एक डावीकडं डोंगरात, एक सरळ. खंडाळीची गाडी चढ चढायच्या आधी फाट्यावर इंजिनात पाणी घालायला आणि चहाला थांबते, दहा मिनिटं, फार तर पंधरा. आपली देवठाण्याची गाडी तिच्या मागून येईलच. म्हणजे फाट्यावर खंडाळीची गाडी गाठली तर सगळं जमतं, नाहीतर फाईल बाजार करून संध्याकाळी परत.

स्टँडबाहेर इनूस मिस्त्री टेम्पोला हँडल मारत होता. मामंजींनी त्याला हाक मारली. इनूस मिस्त्री म्हणजे तालुक्यातला नावाजलेला सुतार. त्या दिवशी तो खंडाळीला कुणाच्या तरी नव्या घरासाठी खिडक्या घेऊन निघाला होता. टेम्पोत सात-आठ चौकटी उभ्या करून दोरीनं बांधल्या होत्या. त्यानं दोन वाक्यांत गोष्ट ऐकली आणि मला म्हणाला, "वहिनी, तुमी फुडं बसा, खिडकीला. दाजी, तुमी माघारी, चौकटी धरून. गाठतो का न्हाई बघा."

टेम्पोच्या केबिनला मागच्या बाजूला हातभर काच होती. मी खिडकीतून वारा घेत होते आणि मधून मधून मान वळवून काचेतून मागं बघत होते. मामंजी एका चौकटीच्या आतच बसले होते, चारी बाजूंनी लाकूड आणि मध्ये ते. फोटोच काढायचा बाकी होता. वाऱ्यानं फेट्याचा शेव उडत होता. इनूस मिस्त्री हॉर्नवरचा हात काढत नव्हता. बैलगाड्या बाजूला होत होत्या, एका सायकलवाल्यानं आम्हाला शिव्या दिल्या. पुन्हा एकदा मागं बघितलं तर मामंजी चौकटीवर वीत टाकून मोजत होते. उभी मोजली, आडवी मोजली, बोटं दुमडून काहीतरी ध्यानात ठेवलं. मला वाटलं, माझं आयुष्य तिकडं डोंगरात चाललंय आणि ह्यांना चौकटी मोजायला सुचतंय. राग परत आला.

फाटा दिसला तेव्हा खंडाळीची गाडी उभी होती. ड्रायव्हर बॉनेट लावत होता.

इनूस मिस्त्रीनं टेम्पो आडवाच घातला. मामंजी उडी मारून उतरले आणि दाराकडं न जाता थेट तिसऱ्या खिडकीकडं गेले. मीही गेले, टाचा उंच करून आत बघितलं.

गाडीत मुंगी शिरायला जागा नव्हती. पन्नासाच्या गाडीत ऐंशी माणसं तरी असतील. बाया बाकांच्या मधल्या वाटेत बसलेल्या, बाजाराच्या पाट्या मांडीवर, पाट्यांवर पोरं. एक माणूस एका पायावर उभा होता, दुसरा पाय टेकायला जमीन नव्हती म्हणून. आणि ह्या सगळ्यात, खिडकीजवळ, एक जागा रिकामी. तिच्यावर माझी निळी फाईल, टाकली होती तशीच उभी. तिच्या शेजारी खाली, बाकाच्या पायाला टेकून एक म्हातारी बसली होती. तिच्या घोट्याला फडकं बांधलेलं होतं आणि पाय सुजला होता.

"आजी," मामंजी गजातून म्हणाले, "पायाचं असं झालंय, आन् वर जागा असून बसला न्हाईसा?"

म्हातारीनं त्यांच्याकडं बघितलं. "कशी बसू? कुनाची तरी धरल्याली हाय की."

"ह्यांला चार डाव सांगितलं," कंडक्टर आतून ओरडला. "आज्ये, बस म्हनलं, मानूस चुकलं आसंल. तर सगळी गाडी माझ्याच अंगावर. म्हंत्यात, टपावर आसंल, उतरंल की. फाट्यापतुर वाट बघू."

म्हणजे बारा मैल, ऐंशी माणसं, मे महिन्याचं ऊन, आणि माझ्या कागदांना कुणी बोट लावलं नव्हतं. कुणाला माहीत नव्हतं मी कोण आहे. कुणीतरी येणार आहे, एवढं त्यांना पुरलं होतं. मला गहिवरून आलं. सकाळपासून न आलेलं रडू तिथं आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

मामंजींनी गजातून हात घालून फाईल घेतली. कागद मोजून बघावेत म्हणून मी नाडीला हात लावला, तर त्यांनी मान हलवली. गरज नाही. मग म्हातारीला म्हणाले, "आजी, ही माझी सून. जागा हिची व्हती. ती सोडती. आता तुमी बसा."

म्हातारीनं माझ्याकडं एकदा नीट बघून घेतलं. "सोडलीस न्हवं, बाय?"

"सोडली, आजी."

तेव्हा कुठं गाडीतल्या दोघींनी तिला काखेत धरून वर बसवलं. तिनं कमरेच्या पिशवीतून एक काकडी काढली आणि गजातून माझ्या हातात दिली. गाडी डोंगराकडं निघाली. इनूस मिस्त्रीही टेम्पो चालू करून म्हणाला, "दाजी, मग भिंत किती जाड म्हनला?" मामंजींनी त्याला हातानंच गप्प केलं. "मागनं बोलू, मागनं." मी काकडी पदराला पुसत होते, माझं तिकडं लक्ष नव्हतं.

मग फाट्यावरच्या लिंबाखाली आम्ही दोघंच उरलो. देवठाण्याची गाडी यायला वेळ होता. मी काकडी मोडून अर्धी त्यांना दिली. मला क्षमा मागायची होती आणि कशी मागायची ते कळत नव्हतं. त्यांनी काकडी खाल्ली, हात झटकले आणि पहिल्यांदाच, अकरा महिन्यांत पहिल्यांदाच, माझ्याशी सलग चार वाक्यं बोलले.

"माझी टोपी मी मला बसायचं आसंल तिथं टाकतो," ते म्हणाले. "तुझी फाईल तुला बसायचं तिथं टाकली. गाडी चुकली, कबूल हाय. नेम चुकला न्हवता, पोरी."

"मामंजी, मी बोलायला नको होतं तसं."

"बोलत जा की. न बोलून काय व्हतं, ते माझ्यावरनं बघ."

देवठाण्याची गाडी आली ती तुडुंब भरून आली. खिडकी तर सोडाच, टेकायलाही मिळालं नाही. मामंजींनी मला दाराच्या पायरीशी, वारा येईल अशा कोपऱ्यात उभं केलं आणि स्वतः पाठ लावून गर्दी थोपवून धरली. पोट ढवळलं, पण राहिलं. एक वाजायला सात मिनिटं असताना आम्ही हायस्कूलच्या व्हरांड्यात होतो. मामंजींनी तिथं नळावर चूळ भरली आणि फेटा परत बांधला. तो वाकडा झाला.

मुलाखत घ्यायला तिघं होते. हेडमास्तरांनी फाईल उघडली, कागद पाहिले, मग बंद करताना वरच्या बाजूला लागलेला चुन्याचा बोटभर डाग बघून विचारलं, हे काय. मी खरं ते सांगून टाकलं, फेटा, खिडकी, चुकीची गाडी, सगळं. तिघंही पोट धरून हसले. मग त्यांनी मला खडू दिला आणि फळ्यावर आठवीच्या वर्गाला शिकवतात तसं काहीतरी शिकवायला सांगितलं. मी जे शिकवलं ते मला आता आठवत नाही. पण माझा आवाज कापला नाही, हे आठवतं. आणि हे आठवतं, की मध्येच खिडकीकडं नजर गेली तेव्हा बाहेर एक वाकडा फेटा दिसला. तो चटकन खाली बसला.

चार वाजता शिपायानं कार्यालयाच्या खिडकीच्या काचेवर आतून कागद चिकटवला. त्यावर एकच नाव होतं. मामंजींना वाचता यायचं, पण त्यांनी मला ते तीनदा मोठ्यानं वाचायला लावलं. शेजारी उभ्या असलेल्या उमेदवारांना ते बरं दिसलं नसणार. मला इलाज नव्हता. परतीच्या प्रवासात ते प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला, "ही आमची सून," एवढं सांगत होते. ओळखीचे संपल्यावर अनोळखी माणसांनाही सांगितलं.

जूनच्या तेरा तारखेला शाळा उघडली. सकाळी स्टँडवर येऊन मामंजींनी आधी पाटी वाचली, मग टोपी टाकली. मला दारात चढवून दिलं आणि "ध्यान दे" म्हणून गेले. माझा पहिला दिवस कसा गेला ते सांगायला बसले तर वेगळीच गोष्ट होईल. संध्याकाळी घसा बसलेला, बोटं खडूनं पांढरी, खिडकीला डोकं टेकून मी परत येत होते. हिंगणवाडीच्या ओढ्यावर गाडी वळते तिथून आमच्या घराची मागची भिंत दिसते. काळ्या दगडाची, आडवी, आंधळी भिंत. तिच्यात त्या दिवशी एक चौकोन होता. चौकोनात काहीतरी पांढरं दिसत होतं.

मी उतरून घराकडं चालले नाही, पळालेच. अंगणात दगड-मातीचा ढीग होता. स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती, आणि आत्याबाई तिच्यापुढं डोळे न चोळता भाकरी थापत होत्या. हे मी त्या घरात पहिल्यांदा बघत होते. धूर बाहेर चालला होता, ऐटीत, नव्या खिडकीतून. आत्याबाईंनी सांगितलं की फाट्यावरून आल्यापासून मामंजींच्या इनूस मिस्त्रीकडं फेऱ्या चालल्या होत्या, पण मला कळू द्यायचं नाही अशी तंबी होती. भिंत पाडायला माझी पाठ फिरायचीच वाट बघत होते. सकाळी मला गाडीत बसवून आले ते पहार घेऊनच भिंतीला भिडले. दोन गवंडी होते, तरी स्वतः.

भिंत दोन हात जाड. त्यामुळं चौकटीच्या आतल्या बाजूला एक माणूस ऐसपैस बसेल एवढी सपाट जागा झाली होती. तिला शहाबादी फरशी बसवली होती, अजून ओली. बाहेर ओढा, ओढ्यापलीकडं गाडीचा रस्ता. आणि फरशीवर मधोमध मामंजींची टोपी.

ते दारात उभे होते. हातांना फोड आले होते आणि भुवया चुन्यानं पांढऱ्या झाल्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं. अकरा महिने मी ज्याला 'नाही' समजत होते, ते सगळे दिवस हा माणूस खरंच बघत होता. भिंत किती जाड आहे, चौकट किती मोठी बसेल, तिथून काय दिसेल, आणि बसणारी बसेल का.

पुढं एकतीस वर्षं मी वह्या तिथंच बसून तपासल्या. शेवटची दहा वर्षं मामंजी नव्हते. पण त्या जागेवर घरातलं दुसरं कुणी बसत नसे, अगदी माझी मुलंसुद्धा. पाहुणा बसायला गेला तर मुलं सांगायची, तिथं नको, ती धरलेली आहे.

त्या संध्याकाळी मात्र मी खुळ्यासारखी विचारत राहिले, "मामंजी, टोपी का काढून ठेवली?"

"खिडकी हाय न्हवं?" ते म्हणाले. "कुनी बसंल दुसरं. म्हनून धरली. बस."

मी टोपी उचलली, तिच्यावरचा चुना झटकला, त्यांच्या हातात दिली आणि बसले.